पन्नास कबुतरांची शर्त

कबुतरानं घड्याळजींच्या टकलावर नेम धरून शिटलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

सकाळची वेळ होती. अंगणातल्या नळावर बादल्यांची रांग लागलेली. तळमजल्यावर जिन्याखाली काचेच्या खोक्यात बसून लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करणारे घड्याळजी आपली बादली पुढे सरकवायला वाकले, आणि चार मजल्यांवरून थेट टकलाच्या मधोमध पार्सल येऊन पडलं.

"पत्ता बरोबर, माल पोचला!" फिरक्या ओरडला आणि इतका हसला की त्याची बादली भरून वाहायला लागली तरी त्याला पत्ता नाही.

फिरक्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. लोकांची फिरकी घेता घेता माणूस अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला होता आणि खरं नाव फक्त लाइटबिलावर उरलं होतं. धंदा तारकामाचा. चाळण्या, टोपल्या, जाळ्या, उंदरांचे सापळे. दोन वर्षांपूर्वी त्यानं घड्याळजींच्या डोळ्याला लावायच्या भिंगाच्या कडेला बुटाचं काळं पॉलिश चोपडून ठेवलं होतं, आणि घड्याळजी अख्खा दिवस एक डोळा पांडासारखा करून गिऱ्हाइकांशी बोलत बसले होते. संध्याकाळी बायकोनं आरसा दाखवला तेव्हा कळलं.

"हस लेका, हस," घड्याळजी टक्कल धूत म्हणाले. "पण ह्या पाखरांचं कोणी काही वाकडं करू शकत नाही. तूसुद्धा नाही."

"मी? अहो मी ठरवलं तर तीन आठवड्यांत गच्ची साफ करीन."

"चाळीस-पंचेचाळीस तरी असतील वर. धरणार कशानं, तोंडानं?"

"पिंजऱ्यानं. एकवीस दिवस. पन्नास कबुतरं. तुमच्या डोळ्यांसमोर पोत्यातून खाली आणीन, तुम्हीच मोजा."

इस्त्रीवाली मावशी टेबलावर कोळशाची इस्त्री आपटत म्हणाली, "आणि नाही धरली तर?"

इथं घड्याळजींचं डोकं चाललं. नुकतंच धुतलेलं होतं. ते म्हणाले, "जो हरेल त्यानं ह्याच अंगणात, सगळ्यांसमोर, स्टुलावर उभं राहायचं. डोक्यावर दाणे ठेवायचे. हात पसरायचे, तोंडानं गुटुर्गू करायचं आणि कबुतर येऊन दाणे खाईपर्यंत खाली उतरायचं नाही."

"तुमच्या टकलावरून दाणे घरंगळतील."

"ताटली बांधीन! तू तुझ्या डोक्याची काळजी कर."

नळावरच्या सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. हातावर हात पडला, शर्त लागली. मावशीनं कोळशाच्या तुकड्यानं नळाशेजारच्या भिंतीवर आडवी रेघ मारली आणि म्हणाली, "ह्याच्यावर रेघा मांडायच्या, एका पाखराला एक. रोजच्या रोज."

फिरक्या बादली घेऊन चार जिने चढला, आणि दाराशी येईपर्यंत त्याचं हसू उतरलेलं होतं. कारण घर रिकामं होतं. वहिनी बारा दिवसांपासून हॉस्पिटलात होती.

ती ह्या घरात आली तेव्हा फिरक्या अकरा वर्षांचा होता आणि त्यानं पहिल्याच दिवशी तिच्या चपलेत गोंद ओतून ठेवला होता. तिनं एक शब्द न बोलता तो गोंद त्याच्याच डोक्याला पुसला. त्या दिवसापासून दोघांचं जमलं. आई नव्हती, दादा दिवसभर लोकांचे मीटर वाचत फिरायचा. ह्याला मोठं केलं ते वहिनीनं. पुढं ह्यानं लग्न केलं नाही आणि तिला मूल झालं नाही, तेव्हा हा तिघांचाच संसार राहिला. चौथ्या मजल्यावर, गच्चीच्या बरोबर खाली, दोन खोल्या आणि एक सज्जा. स्वयंपाकघराची खिडकी हवेच्या चौकात उघडायची. तो चौक म्हणजे चार भिंतींची अरुंद विहीरच, आणि तिच्या प्रत्येक पाइपावर, प्रत्येक कोनाड्यात कबुतरं. वहिनी रोज सकाळी सज्जा झाडायची, खिडकीची कड खरवडायची. वीस-बावीस वर्षं. तीन वर्षांपूर्वी खोकला लागला. मग जिना चढताना दम लागायला लागला. मग बसल्या जागीच.

डॉक्टर बाई तरुण होती आणि आडपडदा न ठेवता बोलायची. "कबुतरांच्या विष्ठेची धूळ आहे ही. फुप्फुसं आतून कडक होत चाललीत. आत्ता आहे तिथं थांबवता येईल. पण परत त्याच हवेत नेलंत, तर मग मला काही करता येणार नाही. एक तर कबुतरं जातील, नाही तर ह्यांना दुसरीकडे ठेवा."

दादानं लगेच मान डोलावली. दुसरीकडे म्हणजे वहिनीच्या बहिणीकडे, सात तासांवर. वहिनीनं तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि म्हणाली, "दोन दिवस पाहुणी म्हणून जाईन. जन्मभर पाहुणी नाही राहणार. तिच्या घरात मीठ कुठल्या डब्यात असतं ते मला माहीत नाही." मग फिरक्याकडे बघितलं. "तू तारेचं काम करतोस ना रे? मग कर की काहीतरी."

तेव्हा नळावरची शर्त वरवर टवाळी असली तरी फिरक्याचा डाव वेगळाच होता. गच्ची साफ झाली तर वहिनी घरी. नाही झाली तर वहिनी सात तासांवर, परक्या घरात.

त्यानं दुकान दोन दिवस बंद ठेवलं आणि गच्चीवर मांडी घातली. जाड चौकोनी जाळी कटरनं तोडली. चार फूट लांब, तीन फूट रुंद, दीड फूट उंच. कडा पकडीनं दुमडून बारीक तारेनं शिवल्या, टोकं आत वळवली, म्हणजे पाखराला लागणार नाहीत आणि आपल्यालाही. वर एक झाकण ठेवलं, धरलेली काढायला. खरी करामत दाराची. एक वीतभर रुंद भोक, त्याच्या वरच्या कडेला आडवी सळई, आणि त्या सळईला लोंबत्या तारा, दोन-दोन बोटांच्या अंतरानं, झालरीसारख्या. तारा आतल्या बाजूला ढकलल्या की मुकाट हलायच्या. पण बाहेर यायला गेलं की खाली उंबऱ्यासारख्या लावलेल्या पट्टीला अडायच्या. कबुतर छाती पुढे काढून आत शिरणार, तारा मागे पडणार, बस. स्वतःच्या पायानं आत, दुसऱ्याच्या हातानं बाहेर.

पिंजरा तयार झाला तसा त्यानं स्वतःचा हात घालून बघितला. आत गेला. बाहेर काढताना मनगट अडकलं.

"वा रे पठ्ठ्या," तो स्वतःलाच म्हणाला.

पण लगेच धरायचं नाही, एवढी अक्कल त्याला होती. पहिले तीन दिवस त्यानं त्या तारा वर बांधून ठेवल्या. आत मका आणि गहू टाकला, पाण्याचं भांडं ठेवलं, अर्ध्या पिंजऱ्यावर सावलीला पुठ्ठा टाकला. कबुतरं पहिल्या दिवशी टाकीवर बसून माना वाकड्या करून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी दोन आत गेली, खाल्लं, बाहेर आली. तिसऱ्या दिवशी खाणावळ उघडल्यासारखी रांग लागली. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं तारा सोडल्या.

सात.

दोन आत आमिष म्हणून ठेवली. आतली पाखरं निवांत खाताना दिसली की बाहेरच्यांना धीर येतो. उरलेली पाच पोत्यात घालून तो वाजतगाजत खाली उतरला. घड्याळजींनी पोतं चाचपून मोजलं. मावशीनं भिंतीवर पाच रेघा ओढल्या.

"अजून पंचेचाळीस," घड्याळजी म्हणाले. "घाई नाही. मी स्टूल बघून ठेवलंय. एक पाय डगमगतो, तुझ्यासाठी मुद्दाम."

"स्वतःसाठी जपून ठेवा. टकलाला तेल लावा जरा, पाखरांना चोच मारायला मऊ पडेल."

आता धरलेल्या पाखरांचं करायचं काय? ह्याचं उत्तर फिरक्याकडे वीस वर्षांपासून तयार होतं. त्याच्या दुकानातून उंदराचा सापळा घेणाऱ्या प्रत्येकाला तो एकच सांगायचा: मारू नका, हात घाण करू नका, लांब नेऊन सोडा, परत येत नाही. आलाच तर दुसरा येतो, आणि दुसरा आला तर माझा दुसरा सापळा खपतो. तेच त्यानं इथं केलं. पोतं स्कूटरच्या पुढ्यात ठेवलं, शहराबाहेर, खडी फोडायच्या कारखान्याच्याही पुढे गेला, उघड्या माळावर तोंड सोडलं. कबुतरं फडफडत वर गेली, एक गोल चक्कर मारली आणि दिसेनाशी झाली. फिरक्यानं हात झटकले. उंदरापेक्षा सोपं काम.

संध्याकाळी सहाला हॉस्पिटलातून फोन यायचा. वहिनी शेजारच्या खाटेवालीच्या फोनवरून बोलायची.

"आज किती?"

"पाच."

"एकूण?"

"चौदा. घड्याळजींचा चेहरा उतरायला लागलाय."

ती हसायची. हसली की खोकला यायचा, मग फोन थोडा वेळ लांब धरलेला असायचा, मग परत तिचा आवाज. "मी आल्याशिवाय त्यांना स्टुलावर चढवू नकोस हं. मला बघायचंय. इथं सगळ्या वॉर्डाला सांगितलंय मी. नर्ससुद्धा विचारते, दिराची किती झाली म्हणून."

अकराव्या दिवशी पिंजऱ्यात आमिषाची दोन सोडून सहा होती. त्यातल्या एकाकडे फिरक्याची नजर गेली. तांबूस रंगाचं, डाव्या पायाच्या दोन बोटांना कुठला तरी दोरा करकचून गुंडाळला गेलेला आणि बोटं काळी पडलेली. हा पाय त्यानं आधी बघितला होता. चार दिवसांपूर्वी पोत्यात घालताना त्याच्या अंगठ्याला तो दोरा अडकला होता.

तारकाम करणाऱ्या माणसाचे हात त्याच्या डोक्याच्या आधी चालतात. त्यानं लाल प्लॅस्टिकच्या वायरीचे सहा तुकडे तोडले आणि सहा पाखरांच्या पायांत सैलसर अडकवले. सहाही पोत्यात. घड्याळजींनी मोजलं, मावशीनं सहा रेघा ओढल्या. तो कारखान्याच्या पुढे गेला, माळावर सोडली. परत येताना एका टपरीवर थांबला, चहा प्यायला. मुद्दामच थांबला. गच्चीचं दार उघडायची घाई नव्हती.

टाकीवर चार कबुतरं बसली होती, पायांत लाल वायर घातलेली. पाचवं पिंजऱ्याच्या भोवती फिरत होतं, आत कसं जायचं बघत. त्याच्या आधी पोचली होती ती. चहा न घेता.

फिरक्या टाकीच्या सावलीत बसला. भिंतीवर एकोणतीस रेघा होत्या. त्यातली खरी किती, देव जाणे. पंधरा? सतरा? तीच कबुतरं रोज पिंजऱ्यात शिरत होती, खात होती, स्कूटरवरून फिरून येत होती आणि पुन्हा पिंजऱ्यात शिरत होती. त्यानं उंदराचा हिशेब पाखराला लावला होता. इतकी वर्षं लोकांना टोपी घालणाऱ्याला सहा पाखरांनी टोपी घातली.

आता एकच रस्ता होता, आणि तो त्याला लख्ख दिसत होता. धरायची ती सोडायची नाहीत. त्यानं पिंजऱ्याचं झाकण उघडून आमिषातलं एक बाहेर काढलं. डाव्या हातात धरलं, उजव्या हाताचा अंगठा मानेवर ठेवला. मान केवढीशी, पेन्सिलीएवढी. तळहाताला पाखराचं काळीज लागत होतं, इतकं जोरात की त्याचं स्वतःचं मनगट हलत होतं. पाखरू त्याच्याकडे एका गोल नारिंगी डोळ्यानं बघत होतं. फिरक्यानं अंगठा दाबला. पाखरानं चोच उघडली आणि श्वास ओढला, मान वर करून, तोंड वासून.

त्यानं अंगठा काढला. पाखरू परत पिंजऱ्यात टाकलं. उद्या, तो म्हणाला. उद्यापासून.

सहाला फोन आला.

"आज किती?"

तेव्हाच सांगता आलं असतं. 'वहिनी, गडबड झाली' एवढंच. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या आणि म्हणाली असती, मग आता काय करणार आहेस? पण मागून दुसऱ्या खाटेवालीचा आवाज आला, "विचारा, विचारा, तिशी गाठली का?" आणि फिरक्याच्या तोंडून निघून गेलं, "सहा. एकूण एकोणतीस. उद्या तिशी पार."

वॉर्डात टाळ्या वाजल्या. त्याला ऐकू आल्या.

मग रोज सकाळी पिंजऱ्यातून पाखरं काढताना तो आधी लाल वायरी काढून खिशात टाकायचा. पोतं खाली, घड्याळजींचं मोजणं, मावशीच्या रेघा. रोज संध्याकाळी तो म्हणायचा, उद्यापासून. त्यानं बाकी सगळं केलं. सज्ज्याला बारीक जाळी ठोकली. स्वयंपाकघराच्या खिडकीला काच लावून चौकट खिळ्यांनी बंद केली. फरशी ओल्या फडक्यानं पुसली, भिंतींना चुना मारला. आता घर स्वच्छ दिसत होतं. फक्त दुपारी, सगळं शांत झालं की, काचेपलीकडे चौकात घुमायचं. गुटुर्गू, गुटुर्गू.

खाली अंगणातून गच्ची दिसत नव्हती, आणि चढून बघायला कोण येतंय? गच्चीची किल्ली ह्याच्याच करदोड्याला. इस्त्रीवाली मावशी एकदा म्हणाली, "मेली शिटायची काही थांबली नाहीत, कालच्या चादरीवर बघ."

"दाण्याच्या वासानं नवीन आलीत, मावशी. त्यांनाही धरतो."

"नवीनच ना?"

"तर! जुनी काय पत्ता विचारत येणार आहेत होय?"

मावशी हसली. फिरक्याच्या तोंडाला हसवायची सवय होती. ती त्याला न विचारता चालायची.

एकोणिसाव्या दिवशी भिंतीवर त्रेपन्न रेघा झाल्या. घड्याळजींनी अंगणात सगळ्यांसमोर हात वर केले. "हरलो बाबा. कुठं उभा राहू सांग."

"वहिनी आल्यावर."

"आल्यावर तर आल्यावर. त्यांच्यासाठी दोन वेळा गुटुर्गू करीन."

त्या रात्री जेवताना दादानं ताटातला घास तसाच ठेवला. तो मीटरवरचे आकडे वाचणारा माणूस, बोलताना शब्द मोजून वापरायचा.

"तू नीट बघितलंस ना? वर काही राहिलं नाही?"

"त्रेपन्न धरली दादा. भिंतीवर आहेत."

"भिंत नको सांगूस. तू बघितलंस ना, एवढंच सांग. तू हो म्हटलंस तर मी उद्या डॉक्टरांना साफ झाली म्हणून लिहून देतो. नाही म्हटलंस तर तिच्या बहिणीला फोन करतो. ती रडेल, पण करतो."

फिरक्याला वाटलं, ती आली की मी त्याच दिवशी सुरू करीन. चार दिवसांत उरकीन. खिडकी तर बंदच आहे. चार दिवसांनी काय होतंय.

"साफ आहे," तो म्हणाला.

दादानं घास उचलला. "मग ठीक."

वहिनीला खुर्चीत बसवून चार जणांनी चार जिने वर आणलं. वाटेत प्रत्येक मजल्यावर लोक बाहेर आले. तिनं घरात शिरल्या शिरल्या मिठाचा डबा उघडून बघितला, मग चहाचा, मग म्हणाली, "डबे जागेवर आहेत, म्हणजे तुम्ही दोघं बाहेरच जेवलात." दुपारी ती भिंतीला टेकून बसली असताना चौकातून घुमलं. तिनं कान टवकारले.

"ही कुठली?"

"पलीकडच्या इमारतीतली. आवाज आपल्याकडे येतो."

"मग तिथल्या लोकांशीही शर्त लाव." ती हसली. खोकली. बराच वेळ खोकली.

घड्याळजी स्टूल घेऊन तयार होते, पण ती म्हणाली, "दोन दिवस थांबा, जरा दम येऊ दे, मग खाली बसून बघते." दोन दिवसांनी ती सज्ज्यापर्यंतसुद्धा गेली नाही. फिरक्या रोज सकाळी गच्चीवर जायचा, झाकण उघडायचा, एक हातात घ्यायचा, ठेवून द्यायचा. सातव्या दिवशी वहिनी एक वाक्य तीन तुकड्यांत बोलत होती. नवव्या दिवशी दुपारी तिचे ओठ जांभळे पडले आणि बोलणं थांबलं. तीच खुर्ची, तेच चार जण, पण ह्या वेळी मजल्यांवरचे लोक भिंतीला सरकून वाट देत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलातून येऊन फिरक्यानं गच्चीवर निळा ड्रम ओढला आणि नळीनं भरला. आता त्याचा अंगठा थांबला नाही, कारण त्यानं अंगठा वापरलाच नाही. पोतं, पोत्याच्या तोंडाला तार, वर वीट. पाण्यातून बुडबुडे यायचे, मग यायचे थांबायचे. तो घड्याळाकडे बघत उभा राहायचा. पहिल्या दिवशी नऊ. मग आठ. मग अकरा. आमिष ठेवलेली दोन सगळ्यात शेवटी. तीस. त्याच्यानंतर एक आठवडा एकच तांबूस पाखरू टाकीवर यायचं आणि पिंजऱ्याकडे बघायचं, आत काही जायचं नाही. मग एका सकाळी तेही आत होतं. एकतीस. गच्चीवर, चौकात, पाइपावर आता काहीच नव्हतं. घुमणंसुद्धा नाही.

दादा एकदाच वर आला होता, अकरा बुडवली त्या दिवशी. ओल्या पोत्याकडे त्यानं बघितलं. पोत्याच्या तोंडातून एक पंख बाहेर लोंबत होता.

"ही कुठून आली?"

फिरक्या पोत्याच्या तारेचं टोक आत वळवत राहिला.

दादा वाट बघत उभा राहिला. मीटरवरचा आकडा धूळ पुसून वाचावा तसा तो त्याच्या तोंडाकडे बघत होता. वाचून झाल्यावर खाली गेला. तेव्हापासून तो फिरक्याशी बोलला नाही. मीठ पाहिजे असलं तर उठून स्वतः घ्यायचा.

डॉक्टर बाईनं दादाला सांगितलं, दादानं मावशीला सांगितलं आणि मावशीनं फिरक्याला. जेवढं कडक झालं ते आता मऊ होणार नाही. सिलेंडर कायमचा. जिना तर नाहीच. चौथा मजला विसरा. वहिनी बहिणीकडे जाणार. तिनं एकच मागितलं, जाताना गाडी अंगणातून न्या. वर चढता नाही आलं तरी चालेल, नळापासून बघते.

गाडी अंगणात आली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मागचं दार उघडं ठेवलं होतं. वहिनी उशांना टेकून बसलेली, नाकातोंडावर मास्क, पायाशी सिलेंडर, मांडीवर कपड्यांची पिशवी. दादा तिच्याशेजारी. सगळी इमारत खाली उतरली होती. बायका तिच्या हाताला हात लावून जात होत्या.

तेव्हा घड्याळजी स्टूल घेऊन आले. दुसऱ्या हातात दाण्यांची ताटली आणि सुतळी. बिचाऱ्यांनी रात्रभर विचार करून ठरवलं असावं.

"वहिनी, तुम्ही म्हणाला होतात ना, मी आल्याशिवाय नाही म्हणून," ते म्हणाले. "जाताना बघून जा. जरा हसा. माझं टक्कल तसंही कुठल्या कामाचं नाही."

ते स्टुलावर पाय ठेवणार, तोच फिरक्यानं त्यांच्या हातातून ताटली घेतली.

"उतरा. शर्त मी हरलोय."

"काय बोलतोस? त्रेपन्न आहेत भिंतीवर. मी स्वतः मोजलीत."

"तीच तीच मोजलीत तुम्ही. मी लांब सोडायचो, ती माझ्या आधी घरी यायची. अकराव्या दिवशी कळलं मला. नंतर सगळं माहीत असून केलं."

मावशीनं इस्त्री टेबलावर ठेवली आणि ती चादरीवर ठेवलीय हे धूर येईपर्यंत तिच्या लक्षात आलं नाही.

वहिनीनं मास्क खाली ओढला. "खरी... किती होती?"

"एकतीस."

"आणि मी... घरी आले तेव्हा?"

फिरक्याला तिच्याकडे बघता येईना. तो ताटलीतल्या दाण्यांकडे बघत होता. "सगळीच होती."

ती चिडेल असं त्याला वाटलं, चिडावी असं वाटलं. तिच्या छातीतून आत-बाहेर शिट्टी वाजत होती.

"मी... तुझ्या आकड्यावर... आले रे," ती म्हणाली.

मग तिनं मास्क वर घेतला, आणि दादाच्या गुडघ्यावर दोन बोटांनी टकटक केलं. दादानं हात लांब करून दार ओढलं. गाडी मागे गेली, वळली, फाटकातून बाहेर पडली.

फिरक्या स्टुलावर चढला. एक पाय खरंच डगमगत होता. दाणे त्यानं स्वतःच मुठीनं डोक्यावर टाकले. काही केसांत राहिले, काही कॉलरीत गेले. दोन्ही हात पसरले.

"गुटुर्गू," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. काही लोक जिन्याकडे वळले. काही उभे राहिले, कारण जावं की थांबावं ते त्यांना कळेना.

घड्याळजींनी मान वर करून गच्चीच्या कडेकडे बघितलं, मग एकेका मजल्याच्या सज्ज्यांकडे. "अरे, पण आता वर एकही नाही," ते हळूच म्हणाले. "खाणार कोण?"

"माहीत आहे."

"मग उतर ना लेका. झालं. मी सोडली शर्त."

"खाईपर्यंत उतरायचं नाही, असं ठरलं होतं."

"असं काय करतोस? ऊन चढेल."

फिरक्याचे पसरलेले हात आत्ताच खाली यायला लागले होते. घाम दाण्यांखालून कपाळावर उतरत होता. त्यानं हात आणखी ताठ केले, तोंड वर केलं आणि पुन्हा म्हणाला, आधीपेक्षा मोठ्यानं, चौथ्या मजल्यापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं,

"गुटुर्गू."